आत्याचा लाल बदामाचा डबा

जालन्याच्या डॉक्टरनं माझ्या वडलांचं, आण्णांचं, तूप बंद केलं. छातीत दुखून आल्तं, रक्तात चरबी जास्त निघाली. महिन्यानं परत तपासणी. आण्णांनी तोंड असं केलं, जसं काय घरातलंच कुणी गेलं.

आणि त्याच महिन्यात राजूरला आत्याकडं जेवण! पुरणपोळीचं!!

आण्णा म्हणले, "आक्का, मला तूप चालत न्हाई."

"माह्यीत हाय मला," म्हणत आत्यानं डबा आणून दाणकन समोर ठेवला. वनस्पती तूप. वर पत्त्यातल्यासारखा लाल बदाम, खाली मोठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल फ्री'. "खास तुझ्यासाठी आणला. घरचं तूप शेजारणीला देऊन टाकलं."

आण्णांचा चेहरा असा फुलला की काय सांगू!

मी तवा कॉलेजात आहारशास्त्र शिकून राह्यल्ते. त्यामुळं दिसेल तो पुडा उलटा करून वाचायचा, ही मला बिमारीच लागल्ती. डबा उलटा केला. मागं मुंगीएवढ्या अक्षरात 'हायड्रोजनेटेड'.

"आत्या, थांब! कोलेस्टेरॉल जनावरापासून आलेल्या वस्तूत असतं. तेलात नसतंच. गुळाच्या भेलीवर 'ह्यात हाडं न्हाईत' लिहिल्यासारखं हाय हे. ह्या लोकांनी पातळ तेलात वायू सोडून ते गोठवलं. त्यात ट्रान्स चरबी तयार होते, ती तुपाहून वंगाळ."

"मंग मी माझ्या भावाला इख घालून राह्यले का गं?" आत्याचे डोळे भरले. वाढायला घेतलेली तुपाची वाटी हातात तशीच वाकडी.

आमच्याकडं वाढणारा थांबत न्हाई, खाणाऱ्यानं ताटावर हात धरायचा. तरी बोटांच्या फटीतून धार पडतेच, आणि पडायलाच पाहिजे, न्हाई तर वाढणाऱ्याचा अपमान. आण्णा तर आयुष्यात कधी मनापासून हात धरत नव्हते. फट मुद्दाम मोठी ठेवायचे!

आज त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले. फट न्हाई. बिलकुल न्हाई.

"आक्का, ते राहू दे. भाकर हाय का सकाळची? ठेचा दे, अन् आपल्या शेतातलं करडीचं तेल."

आत्यानं डोळे पुसले, घाण्यावरच्या तेलाची बाटली आणली. तिनं मला दम दिला, "ह्याच्यावर काय लिव्हलंय ते वाच आता!" बाटलीवर काहीच नव्हतं.

"हे चालतं," मी म्हणले, "पण चमचाभरच."

कच्च्या तेलाची धार ठेच्यावर पडली न पडली, तोच आण्णा म्हणले, "बास."

आत्या बघतच राह्यली. "ह्याला हा शब्द येतो?"

डबा वाया जायला नको म्हणून आत्यानं त्यातलं तूप देवापुढच्या निरंजनात घातलं. देवाचं रक्त कोण तपासतंय? आण्णा मात्र भाकर चावता चावता त्या वातीकडं असं बघून राह्यल्ते, की मी निरंजन उचलून वरच्या फळीवर ठेवलं.