डोंगराखालून आलेलं पाणी

माझ्या थोरल्या जाऊबाई गावच्या झऱ्यावर पाणी मोजायच्या कामाला होत्या. रोज सकाळी धारेखाली बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायचं. वीस वर्षांच्या वह्या दाखवून त्या सांगायच्या, "आपल्या उतारावरचं बर्फ वितळलं तरी झरा वाढत नाही. पलीकडचं वितळलं की सोळा दिवसांनी वाढतो."

पलीकडच्या खोऱ्यातलं तळं बुजवायचं ठरलं, तेव्हा त्या तडक त्या कामाच्या इंजिनिअरकडे गेल्या. "तळं गेलं तर आमचा झरा आटेल."

तो हसला. "बाई, पाणी डोंगर चढत नाही."

"चढतं कोण म्हणतंय? खालून शिरतं!"

शेवटी खात्री करायला त्याने तळ्यात हिरवा रंग सोडला, झऱ्यावर आठ दिवस माणूस बसवला आणि काही दिसेना म्हणून उठवून नेला.

"झालं समाधान?" भाऊजींनी टोमणा मारला.

"अहो, पाण्याला सोळा दिवस लागतात, रंगाला काय पंख फुटलेत?"

जाऊबाईंनी धारेखाली पांढरा वाडगा ठेवला. मी देवाला हात जोडले. सोळावा दिवस रंगाविनाच गेला. सतराव्या सकाळी हाक आली, "अगं, धाव!" मी पिठाच्या हातांनीच पळाले. वाडग्यात पाणी पोपटी! आम्ही दोघी पोरींसारख्या नाचलो.

निरोप मिळताच इंजिनिअर धापा टाकत आला, वाडग्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तळ्याचं काम थांबवतो. बाई, त्या वह्या दाखवता?"

"थांबा जरा," जाऊबाई म्हणाल्या, "आजची बादली भरायची राहिलीय."