कलम एक, नाकबूल

मोठे बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा बाबा जेवत होते आणि मी वाढत होते. हातातला घास ताटात ठेवून बाबा म्हणाले, "मी जाऊ का?" सख्ख्या थोरल्या भावाच्या मयताला जाऊ का, असं कुणी विचारतं का हो? आमच्या घरात विचारावं लागलं. महिना होत आला, ती लाज काही मनातून हलत नाही.

गोरेगावजवळची तलावाखालची एक धानाची बांधी दोघांत वाटायची राहिली होती. बाबा ती एकटेच दाबून बसले. मोठे बाबांनी पुष्कळ समजावलं, शेवटी गोंदियाच्या कोर्टात दावा लावला. ते वादी, बाबा प्रतिवादी. अर्जीदाव्याचं पहिलंच कलम होतं, दोघे सख्खे भाऊ आहेत. बाबांचा वकील मोठा हुशार! "जबाबदाव्यात काहीच कबूल करायचं नाही, सिद्ध करू दे त्याला," म्हणाला. आणि बाबांनी खुशाल सही ठोकली.

त्या जबाबाची नक्कल घेऊन, बाबा शेतावर गेलेले पाहून, मोठे बाबा घरी आले. दोन्ही घरांत वाचता येणारी मीच. "वाच बेटी." मी वाचलं, "कलम एक, नाकबूल..." त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. "मंजे मी त्याचा भाऊ नाही?"

"वकिली भाषा असते ती, मोठे बाबा." काय बोलले मी तरी!

त्यांच्या वकिलानं आजीची साक्ष काढायला सांगितली होती. "मायले कोर्टात उभी करू? हे दोघं माज्याच पोटचे, असं तिनं सांगाचं? नाही पाहिजे मले बांधी." पुढच्या तारखेला त्यांनी दावा काढून घेतला. आजीला एवढंच सांगितलं... मिटलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मयताच्या दिवशी, आग कोण देणार, असं अंगणात कुणीतरी विचारलं. बाबा गर्दीच्या मागे, मान खाली. मोठे बाबांची बायको, आमची मोठी आईच म्हणाली, "भाऊ आहे ना त्यायचा. मागं कायले लपून राहिला? ये पुढं." साऱ्या गावादेखत! मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परवा बाबा तिला म्हणाले, "वयनी, बांधी तुमी घ्या."

"मले कायले? कोर्टात त्यायले भाऊ म्हणाचं होतं, तेवढंच."

बाबा आता रोज संध्याकाळी तिथे जातात. ओसरीवर मोठे बाबांची बाज आहे तशीच आहे. बाबा खाली जमिनीवर बसतात. मोठी आई चहा देते, पण वर बस म्हणत नाही.