चाचांच्या जीपचा क्लेम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जालन्यात एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. गाडीची तक्रार लिहून घ्यायची, मिस्त्रीकडे द्यायची, वॉरंटीचा क्लेम असला तर फॉर्म भरायचा. अशाच एका फॉर्मवर मी जे लिहिलं, ते आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

आष्टीच्या एका चाचांनी आमच्याकडून नवी डिझेल जीप घेतली होती. आष्टी-परतूर भाड्यानं सीट भरायचे. त्याआधी सगळी हयात ट्रॅक्टरवर गेलेली. पहिल्या सर्व्हिसनंतर आठ-दहा दिवसांनीच ते आले आणि ऑइल पुसलेलं फडकं त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"साहेब, काळं ठिक्कर पडलं की हो हे. बदलू का?"

डिझेल गाडीत ऑइल लगेच काळं पडतं, त्यात बिघाड काही नसतो. एवढं सांगायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण गाड्यांची रांग लागलेली. मी मान वर न करता म्हणालो, "बदला की."

"ट्रॅक्टरच्या गिअरचं हाये घरी. एकदम दाट."

"टाका."

आपल्याकडे ऑइल चिमटीत घेऊन बघतात. तार धरली की माल चांगला. चाचांनी काही वेगळं केलं नाही. पण या इंजिनाला पातळच ऑइल लागतं, दाट वर चढत नाही, हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं होतं, आणि ते पुस्तक वाचायचा पगार मला मिळत होता.

दोनेक महिन्यांत जीप ट्रॅक्टरला बांधून आली. इंजिन जाम. कंपनीचा इंजिनिअर आला, त्यानं खालून ऑइल काढून पाहिलं.

"हे कुणी टाकायला सांगितलं तुम्हाला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबले. मी फॉर्मची पानं उलटत राहिलो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे कारण मी पुढं कैक वर्षं स्वतःला देत आलो.

"कोन सांगनार?" शेवटी चाचाच म्हणाले. "माझ्या मनानं टाकलं. ट्रॅक्टरला चालतंय, मंग हिला काहून न्हाई?"

"उद्या कडबा बी घालताल हिला, चाचा!" मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. चाचाही हसले. मीही.

'ग्राहकाने स्वतःच्या मनाने चुकीचे ऑइल वापरले.' अक्षर माझंच. क्लेम तिथंच संपला. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं.

"बराबर लिहिलं ना?"

"बराबर."

त्यांनी उर्दूत सही केली. इंजिनिअर चहाला गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, ते मीच..."

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या लेकराबाळांच्या पोटाचं हाये." मग जीपच्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पन आता मी काय करू, तेवढं सांगा."

मी पुढच्या गाडीचा नंबर पुकारला.