शांताकाकींचे चार मुलगे आणि मखराखालचा कॉम्प्युटर

आमच्या घरात मला हुशार समजणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. त्याचाही भ्रमनिरास कसा झाला, ते चहा घेता घेता ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, सगळं मिरजोळं गाव हसलंय.

तेव्हा मोबाइलला कॅमेरा असणं म्हणजे ऐट होती. घराच्या पुढच्या खोलीत माझा फोटो स्टुडिओ. पुण्याच्या मित्राकडून मी एक विद्या शिकून आलो होतो. दोन कॉम्प्युटर, प्रत्येकात डिस्का जोडून केलेला एक साठा, त्याला म्हणायचं पूल. पुढच्या खोलीतला मुख्य, पडवीतला त्याची नक्कल. मुख्य कॉम्प्युटर चालू झाला की स्नॅपशॉट घेणार, म्हणजे त्या क्षणी जे आहे ते तसंच्या तसं गोठवणार, आणि मागच्या वेळेपेक्षा जे बदललं तेवढं पडवीत पाठवणार. पडवीत काही वेगळं सापडलं तर सरळ पुसून टाक, हा हुकूम मीच लिहून ठेवला होता. नक्कल म्हणजे नक्कल, तिथे लाड नाहीत!

मग आले गणपती. मखर कुठे बसणार? आजोबांच्या वेळेपासून बसतं तिथेच, म्हणजे माझ्या टेबलावर. बाबांनी मुख्य कॉम्प्युटरची वायर उपटून तिथे रोषणाईची माळ खोचली, त्याला टेबलाखाली सरकवलं आणि पुढे पडदा सोडला. विसर्जनापर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, अडतंय कुणाचं? पडवीतल्यावर काम करू.

आणि काम काय थोडं? चाकरमानी आलेले, घरोघरी फोटो. शेजारच्या शांताकाकींचे चार मुलगे, दोन मुंबईला, एक दुबईला, एक इथे. चौघं एका छपराखाली आले ते कित्येक वर्षांनी. काकी नवं लुगडं नेसून मधे बसल्या. म्हणाल्या, "हा फोटो भिंतीवर लागला की मी डोळे मिटायला मोकळी." मी फोटो पडवीत उतरवले, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं आणि पुढच्या घरी पळालो.

विसर्जन झालं. मुंबईवाले गेले, दुबईवालाही उडाला. मखर निघालं, आणि मी मोठ्या भक्तिभावाने मुख्य कॉम्प्युटरवरची धूळ झटकून बटण दाबलं. त्या बिचाऱ्याच्या लेखी गणपती अजून यायचेच होते! त्याने इमानेइतबारे स्नॅपशॉट घेतला, पडवीत पाठवला आणि तिथे जे जास्तीचं दिसलं ते साफ केलं. मी पडवीत जाऊन बघतो तर गणपतीतला एकही फोटो जागेवर नाही.

घाम फुटला हो! जुने स्नॅपशॉट उपसले, तर सगळे गणपतीआधीचे. नवे घेणार कोण? घेणारा पडद्यामागे झोपला होता.

काकींकडे गेलो. पूल, नक्कल, स्नॅपशॉट, सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तूच पुसलंस ना?"

"होय, काकी."

"मग एवढं लांबण कशाला लावलंस, मेल्या?" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी मुंबईच्या सुनेने मोबाइलवर काढलेला एक फोटो मिळाला. काकी हसताहेत, चारही मुलगे हसताहेत. तो मोठा करून, फ्रेम लावून मीच भिंतीवर टांगला. एकच अडचण होती. सून उभी होती माझ्या मागे. त्यामुळे पुढ्यात, ऐन मधोमध, कॅमेऱ्यात डोळा घालून वाकलेला मी. म्हणजे माझी पाठ, आणि पाठ संपल्यावर जे सुरू होतं ते.

अजून नवा पाहुणा आला की विचारतो, हा पुढचा कोण? काकी सांगतात, "तो आमचा फोटोग्राफर. सगळं पुसलंन, तेवढाच पुसायचा राहिला."