उद्घोषणा कापलेली कॅसेट

मागच्या वर्षी मुलीने माझ्या आईचं गाणं इंटरनेटवर चढवलं आणि पंधरा दिवसांत ते उतरवलं गेलं. कारण एका ओळीचं: स्वामित्वहक्काचा भंग. ज्या रेडिओ केंद्रावर आई गायची, त्याच केंद्राने तक्रार केली होती. मुलीने खाली अभिमानाने केंद्राचं नाव लिहिलं, त्यावरून पकडलं. म्हणजे माझ्याच आईचं गाणं मी चोरलं!

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. आई दोन-तीन महिन्यांतून एकदा रेडिओवर ख्याल गायची. गाणं आधी स्टुडिओत मुद्रित व्हायचं, त्यामुळे प्रसारणाच्या वेळी ती घरीच असायची आणि संकोचाने स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मुरारच्या छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या फौजी अफसरांचं सामान घेऊन विकण्याचा धंदा मी नुकताच सुरू केला होता. त्यात आलेला एक टेपरेकॉर्डर मी विकला नाही. तो रेडिओसमोर ठेवायचा, पंखा बंद करायचा, कोणी खोकलं तर डोळे वटारायचे. बाकीच्या कॅसेटना बुरशी लागली. एक उरली, चौदा मिनिटांचा भूप. आई गेली, तेव्हापासून तिचा आवाज एवढाच.

मी केंद्रावर गेलो. अधिकारी बाई तरुण होत्या, शहराच्या लश्कर भागातल्या मराठी घरातल्या.

“बसा ना काका. चहा मागवू?”

“चहा नको, गाणं परत चढवा.”

“घरी ऐकायला टेप केलंत, ते ठीक आहे. त्याला कायद्यात परवानगी आहे. पण तुम्ही ते सबके सामने टाकलंत ना, गडबड तिथे झाली.”

मी वकिलाला विचारून गेलो होतो. “प्रसारणावरचा तुमचा हक्क पंचवीस वर्षांत संपला.”

“प्रसारणावरचा संपला. मूळ ध्वनिमुद्रण केंद्राचं आहे, त्याचा साठ वर्षं राहतो.”

“मग मूळ काढा आणि तुम्हीच चढवा. लोकांनी ऐकावं, एवढंच माझं म्हणणं.”

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. मग आवाज उतरला. “मूळ नाहीये. तेव्हा टेप कमी असायच्या, त्याच्यावरच दुसरा प्रोग्राम रेकॉर्ड करून टाकायचे.”

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. “म्हणजे पुसलं तुम्ही, जपलं मी, आणि मालक तुम्ही?”

“काका, ओरडू नका. पूरा ऑफिस ऐकतंय.”

“ऐकू दे. तुमच्या ऑफिसने आजवर माझ्या आईचं काय ऐकलंय?”

त्यांनी मार्ग सुचवला. मी प्रत द्यायची, केंद्र ती स्वतःच्या चॅनलवर टाकणार. फक्त रजिस्टरं सापडत नाहीत आणि कॅसेटवर उद्घोषणा नाही, म्हणून खाली लिहावं लागेल: अज्ञात गायिका.

माझ्या कानशिलांत रक्त चढलं, पण या वेळी ओरडता आलं नाही. उद्घोषणा मीच कापली होती. टेप महाग म्हणून घरी मुद्रण करणारे सगळे तसंच करायचे. उद्घोषक बोलेपर्यंत टेप थांबवायचं बटण दाबून धरायचं, तानपुरा सुरू झाला की सोडायचं. स्वतःच्या आईचं नाव ऐकून काय करायचंय, असं वाटायचं मला. प्रत्येक कॅसेटमागे अर्धं मिनिट वाचवल्याची केवढी घमेंड होती!

पिशवीत एक कागद होता. त्याच कार्यक्रमाचा करार: तारीख, राग, आईचं नाव, आईची सही. आणि खाली बारीक अक्षरांत, ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क केंद्राकडे. वकिलाने बजावलं होतं, हा कागद बाहेर काढू नका. तो नसेल तर त्यांना मालकी सिद्ध करता येणार नाही, आपण लढू. पण तो नसेल तर आईही अज्ञातच राहणार. वकील ते बोलला नव्हता.

“नावाचा पुरावा दिला तर?” मी विचारलं.

“तर नाव देऊ. पक्कं.”

“पूर्ण नाव, सगळ्यात वर. उद्घोषणा आत्ता, माझ्यासमोर रेकॉर्ड करायची. आणि टेप मुलाने घरी केली, हेही लिहायचं.”

“पहिल्या दोन अटी होतील. तिसरी नाही होणार काका. घरची टेप आम्ही सोर्स म्हणून कशी दाखवणार?”

“मग तुमच्याकडे ती आभाळातून पडली का?”

तासभर भांडलो. फौजी अफसरांच्या बायकांशी घासाघीस करण्यात हयात गेली माझी, त्यातली एकही इतकी चिवट नव्हती. शेवटी माझा उल्लेख सोडला आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. खालची बारीक ओळही वाचली, ते मला दिसलं.

स्टुडिओत मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा घाई केली, दुसऱ्यांदा बातम्या वाचल्यासारखं नाव घेतलं. तिसऱ्यांदा नीट झालं. मी मान हलवली, तरी राग तसाच होता.

बाहेर आल्यावर छापील फॉर्म पुढे आला. ‘मैं यह रिकॉर्डिंग स्वेच्छा से केंद्र को सौंप रहा हूँ.’ मी पेन काढून ‘स्वेच्छा से’वर आडवी रेघ मारली आणि सही केली.

“काका, इसमें काट-छाँट नहीं चलती.”

“मग परत बसा. माझ्याकडे अख्खा दिवस आहे.”

बाईंनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा माझ्याकडे. मग शिक्का उचलला आणि त्या रेघेशेजारी मारला.