पहिली भवानी शेटची

इंदुबाईची नक्कल माझ्यासारखी अख्ख्या घोडबंदरात कोणाला जमत नाही. मान तिरकी, पदर कमरेला, आणि आवाज असा की लांबची म्हैसही वळून बघेल: "आरं शेट! कवाचा उभा हाय? ये, पयली भवानी तुझी!"

शेट म्हणजे एक लंगडा बगळा. इंदुबाई चाळीस वर्षं चेण्याच्या खाडीकाठच्या खाजणात, कोपरापर्यंत हात गाळात घालून मासे धरायची. शेट यायला लागल्यापासून पहिला मासा त्याला दिल्याशिवाय टोपली डोक्यावर घ्यायची नाही. नवरा गेला, लेक सुचेता नया नगरात फ्लॅटमध्ये. बोलायला उरला शेट. "खातो नि तोंड फिरवतो. आमच्या ह्यांच्यावर गेलाय!" त्यावर शेट घशातून "क्रॉक!" करायचा. तेही मी हुबेहूब काढते.

ऑक्टोबरात एका सकाळी मी तिच्याबरोबर गेले होते. डबक्यात बोय मासे वर येऊन तोंडं उघडत होते. उन्हानं पाणी तापलं की मासा असाच वर येतो, हे तिला पाठ. "बघ गो, आज गाळात हात घालायची बी गरज न्हाय!" तिनं पहिला मासा शेटकडे टाकला. मग दुसरा, तिसरा. "खा रं, तुझी दिवाळी हाय."

टोपली भरेपर्यंत शेट खाली बसला होता. पंख पसरलेले, मान गाळात.

बांधापलीकडे भेंडीची वाडी. तिथला चंदन फवारणीचा पंप उलटा करून झटकत होता.

"पाण्यात काय धुतलंस रं?"

"पंप धोया, मौसी. कीड़े की दवाई है, बगुले को थोड़ी मारेगी?"

इंदुबाईच्या शिव्या मी वहीत उतरवून ठेवते. त्या दिवशी एकही मिळाली नाही. तिनं खड्डा करून सगळे मासे पुरले. शेटला जरा वर, कोरड्यात. "माझ्या हातानं दिला गो," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती खाजणात उतरलेली नाही.

परवा ती ओट्यावर लसूण सोलत होती. हसवायला म्हणून मी तिच्यासमोरच तिची नक्कल केली. हसली नाही.

"माझा आवाज ऱ्हाऊ दे," म्हणाली. "त्याचा काढ."

मी काढला. क्रॉक.

तिचा हात झटकन बाजूच्या टोपलीत गेला, आणि लसणाची मूठ घेऊन तसाच थांबला.