शरच्चंद्ररावांचे कोळी

भांडण बाहेरच्या खोलीत चाललं होतं, आणि सुशीलाबाई तव्यावरची पोळी उलटायची विसरून स्वयंपाकघरातून ऐकत होत्या.

"लोकांच्या मुली आयटीत जातात. आमची निघाली बोर्निओला, कोळी बघायला! इथे जळमटं कमी पडली?"

"बाबा, गोल जाळं विणणाऱ्यांतलं हे कूळच निराळं आहे. त्यावर कुणी फारसं काम केलेलं नाही."

"नसेल केलं. लोकांना उद्योग असतात."

पोळी करपली, ऋतुजा गेली. बापलेकीचं बोलणं थांबलं ते थांबलंच. फोन यायचा तो आईला. शरच्चंद्रराव तेवढा वेळ पेपर वाचायचे. पान काही उलटायचे नाहीत.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "तिचा तो कोळी दिसतो कसा गं?"

सुशीलाबाईंनी फोनमधला फोटो दाखवला. मिऱ्याएवढा जीव, पाठीवर दोन टेंगळं.

दुसऱ्या दिवसापासून बायकोचा फोन खिशात घालून, दूध आणायच्या निमित्ताने ते मांजरी गावच्या उसाच्या कडेने फिरू लागले. जाळं उठून दिसावं म्हणून त्यावर पीठ भुरभुरवायचं, हे लेकीचंच कधीतरी ऐकलेलं. पण डबा उचलला तो चकलीच्या भाजणीचा.

"अहो, कोळ्यांची दिवाळी आधी का?" असं सुनावून सुशीलाबाईंनी तांदळाच्या पिठाची पुडी बांधून दिली.

फोटो आईच्या नावाने जायचा. उत्तर यायचं, "आई, हा तो नव्हे. बाबांना सांग, पोटाकडून काढा." सगळ्यांना सगळं कळत होतं, बोलत तेवढं कुणी नव्हतं.

"समजा, सापडला तो इथे?" सुशीलाबाईंनी एकदा विचारलं.

"मग यावंच लागेल तिला. कामासाठी हो. कुणी बोलावलं म्हणून नव्हे."

"आणि नुसतं 'ये' म्हटलं तर?"

"पीठ संपलंय," ते म्हणाले.

वर्षं गेली. ऊस गेला, इमारती आल्या. कोळ्यांची जाळी सोसायटीच्या कुंपणावर आली. तो मात्र सापडला नाही.

आश्विनात एका दुपारी शरच्चंद्रराव झोपेतच गेले. त्या सकाळीही ते खाली उतरले होते. एका जाळ्यावर पीठ भुरभुरलं, गुडघ्यावर हात टेकून वाकले, पोटाकडून फोटो काढला आणि पाठवून दिला. मग दूध घेतलं, कोथिंबिरीची जुडी घेतली. वर येऊन पिशवी ओट्यावर ठेवली, फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "काही आलं तर सांग."